आपलाच आवाज, पण उशिरा

एरवी समेवर अचूक येणारी गायिका घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगला बसली की मागे रेंगाळू लागते. तबल्याचा ट्रॅक व्यवस्थित चालू असतो, तानपुरा सुरात असतो. पण हेडफोनमधून तिचा स्वतःचा आवाज जरासा मागून येतो आणि त्याच्यासाठी गळा नकळत थबकतो. दोन-चार ओळींत लय ढिली. मग घरातला कुणी जाणकार सांगतो, लॅपटॉप जुना झालाय, नवा घ्या. नवा येतो. उशीर तिथेच!

तो तिथेच राहणार, कारण हा उशीर बहुतेक वेळा यंत्राच्या मंदपणामुळे होत नाही. तो मुद्दाम ठेवलेला असतो.

माइकमधून येणाऱ्या विद्युतलहरीची उंची ऑडिओ इंटरफेस सेकंदाला 44,100 वेळा मोजतो. या मोजण्या, म्हणजे सॅम्पल, प्रोसेसरकडे एकेक करून जात नाहीत. प्रोसेसरला पडद्यावरचं चित्र बदलायचं असतं, वाय-फाय सांभाळायचं असतं, अँटिव्हायरस चालवायचा असतो. हातातलं काम सेकंदाला 44,100 वेळा टाकून तो धावत येऊ शकत नाही. म्हणून सॅम्पल आधी बफर नावाच्या साठ्यात जमतात. बफरचा कारभार वडापच्या जीपसारखा आहे. सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि पहिला चढलेला प्रवासी शेवटच्याची वाट पाहत बसतो. जीप लहान केली तर ती लवकर सुटते, पण फेऱ्या वाढतात आणि ड्रायव्हर मेटाकुटीला येतो.

हिशेब सोपा आहे. बफर 256 सॅम्पलचा असेल तर तो भरायला 5.8 मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एकदा आणि हेडफोनकडे परत जाताना एकदा, असे झाले 11.6. शिवाय ध्वनीचं आकड्यांत आणि आकड्यांचं पुन्हा ध्वनीत रूपांतर करायला, तसंच ड्रायव्हर सॉफ्टवेअरने राखून ठेवलेल्या जास्तीच्या साठ्याला थोडा वेळ लागतोच. बफर 1024 चा ठेवला तर फक्त जाण्यायेण्याचे 46 मिलिसेकंद होतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे आपलाच आवाज सोळा मीटरवरून, अंगणापलीकडच्या घरातून ऐकू यावा तसा हा प्रकार.

इथे एक रास्त शंका येते. बैठकीत तबलजी गायकापासून दीड-दोन मीटरवर बसतो, म्हणजे त्याची थाप चार-पाच मिलिसेकंदांनी उशिरा पोहोचते. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मग हेडफोनमधले सात-आठ मिलिसेकंद गायकाला का खुपावेत?

कारण तबला एकदाच ऐकू येतो आणि आपला आवाज दोनदा. गाताना गळ्यातली कंपनं जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णापर्यंत जातात, जवळपास उशीर न होता. हेडफोनमधून येते ती दुसरी प्रत, किंचित मागून. दोन्ही प्रती कानात मिसळतात तेव्हा काही कंप्रता एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना पुसून टाकतात. उशीर 3 मिलिसेकंदांचा असेल तर साधारण 167, 500, 833 हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजाला खड्डे पडतात. हा उशीर वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळतच नाही. गायिका एवढंच म्हणते, ‘माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का वाटतोय?’ आणि माइकला दोष देते. मायकेल लेस्टर आणि जॉन बोली यांनी 2007 मध्ये वेगवेगळ्या वादकांना असा उशीर देऊन त्यांची मतं नोंदवली, तेव्हा कानात इअरफोन घातलेले गायक फार हळवे निघाले. कीबोर्डवाले बरेच सोशिक होते. कीबोर्डचा सूर हाडांतून येत नाही, तेव्हा यात आश्चर्य नाही.

उशीर वाढत गेला की तक्रारीचं स्वरूप बदलतं. आवाजाच्या पोताऐवजी लयच बिघडू लागते, आणि साधारण 200 मिलिसेकंदांच्या आसपास माणसाला धड बोलताही येत नाही. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने 1950 मध्ये हे दाखवून दिलं: चांगली बोलणारी माणसं स्वतःचा उशिरा येणारा आवाज ऐकताना अडखळू लागली. जपानच्या काझुताका कुरिहारा आणि कोजी त्सुकादा यांनी याच तत्त्वावर समोरच्याला गप्प करणारं बंदुकीसारखं यंत्र बनवलं आणि 2012 चं इग नोबेल पटकावलं. (आपल्याकडच्या सभांमध्ये त्याला मागणी यायला हरकत नाही.) साध्या ब्लूटूथ हेडफोनमधला उशीर सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे नेमका या अडखळण्याच्या टप्प्यात. त्यातून त्याच हेडफोनचा माइकही वापरला तर जोडणी बहुतेक वेळा फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि गाण्याचा ट्रॅक टेलिफोनवरून आल्यासारखा लागतो. रेकॉर्डिंगला वायरचा हेडफोनच हवा. यात तडजोड नाही.

टेपच्या जमान्यातही ही अडचण होतीच. टेपरेकॉर्डरमध्ये मुद्रण करणारं हेड आधी आणि ऐकवणारं हेड त्याच्यापुढे असे. टेप सेकंदाला 15 इंच धावते. दोन हेडमध्ये दोन इंचांचं अंतर धरलं तरी 133 मिलिसेकंदांचा फरक पडतो. आधीच्या ट्रॅकच्या साथीने नवा आवाज चढवायचा तर तो हमखास मागे पडणार. अँपेक्स कंपनीत रॉस स्नायडर यांनी यावर उपाय काढला: जुना ट्रॅक मुद्रणाच्याच हेडमधून ऐकवायचा. आवाजाचा दर्जा उतरे, पण वेळ जुळे. याच सोयीचं अँपेक्सचं आठ ट्रॅकचं यंत्र गिटारवादक लेस पॉल यांनी 1957 मध्ये घेतलं. ऐकवण्याची वाट आणि नोंदवण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

आजच्या इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा ‘इनपुट’ आणि ‘प्लेबॅक’ यांच्यामध्ये फिरणारा नॉब असतो. त्याचं काम हेच: माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनला द्यायचा. माझं मत विचाराल तर घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी हे बटण दाबावं आणि बफरचा विषय सोडून द्यावा.

मात्र बटण दाबल्यावर हमखास एक घोटाळा होतो. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग चालूच राहतं. मग आवाज थेट वाटेनेही येतो आणि कॉम्प्युटरमधून फिरूनही येतो, म्हणजे हाडांतला धरून तीन प्रती! डबल आवाज ऐकू आला की आधी इथे पाहावं. ऑडॅसिटीमध्ये इनपुट ऐकवण्याचा पर्याय (जुन्या आवृत्त्यांत ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’) बंद करायचा. इतर प्रोग्रॅममध्ये ट्रॅकवर स्पीकरसारखं दिसणारं मॉनिटरचं चिन्ह असतं, ते बंद करायचं. रेकॉर्डिंग होतच राहतं.

थेट वाटेने येणारा आवाज कोरडा असतो, आणि थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, नसेल तर अनेकांचा गळा उघडत नाही. त्यावर तोड आहे. सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्बची शेपटी हेडफोनला द्यायची, मूळ आवाज नाही. सभागृहातला घुमारा तसाही उशिरानेच परततो, त्यामुळे तिथे वीस मिलिसेकंद कुणाला जाणवत नाहीत.

ज्यांना कॉम्प्युटरमधूनच ऐकणं भाग आहे, उदाहरणार्थ गिटारला सॉफ्टवेअरचा अँप लावणाऱ्यांना, त्यांनी बफरआधी ड्रायव्हर तपासावा. विंडोजचा जुना सर्वसाधारण मार्ग यासाठी फार संथ आहे. त्याला वळसा घालायला स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये एएसआयओ हा ड्रायव्हरचा प्रकार आणला. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकून तोच निवडायचा. मॅकमध्ये कोअर ऑडिओ आधीच असतो. मग बफर 128 किंवा 64 वर आणायचा. चटचट, कडकड ऐकू येऊ लागली तर जीपचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोसेसर, दमला असं समजून एक पायरी वर जायचं. लॅपटॉप चार्जरवर असावा आणि वीज वाचवण्याचा पर्याय बंद असावा. बफर कमी करूनही उशीर हटत नसेल तर मास्टर ट्रॅकवरचे प्लगइन पाहा. काही लिमिटर पुढचा ध्वनी आधी पाहून निर्णय घेतात, आणि तेवढा वेळ सगळंच गाणं थांबवून धरतात. मिक्सिंगच्या वेळी ते हवेत, गाताना नकोत. मिक्सिंगला बफरही खुशाल 1024 करावा.

बाकीच्या अडचणी किरकोळ. आवाज एकाच कानात येतो, कारण एका माइकचा मोनो आवाज स्टिरिओ ट्रॅकच्या डाव्या बाजूला गेलेला असतो. मोनो ट्रॅक निवडा. आवाजच नाही, कारण कंडेन्सर माइकला 48 व्होल्ट दिलेले नाहीत. कुईऽऽ अशी शिट्टी येते, कारण स्पीकर चालू राहिलाय.

हेडफोनचा आवाज किती मोठा ठेवावा, हा प्रश्न मात्र किरकोळ नाही. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये नोंदवलं की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. हेडफोनमधला तबला आणि हार्मोनियम हाही गायकासाठी गोंगाटच. तो वरचढ झाला की गळा ताणला जातो. त्यामुळे स्वतःचा आवाज वाढवण्याआधी ट्रॅक उतरवून पाहावा. दोन्ही कान बंद झाले की हाडांतून येणारे खर्जाकडचे स्वर जास्त घुमतात. एक कान उघडा ठेवून गाण्याची सवय यासाठीच योग्य आहे. फक्त मोकळी वाटी हवेत लोंबू देऊ नये, कानामागे डोक्याला टेकवावी. नाहीतर तिच्यातला तानपुरा माइकमध्ये शिरतो आणि नंतर काही केल्या निघत नाही.

इतकं करूनही एक शक्यता उरते: गाताना सारं ठीक, पण नोंदवलेला ट्रॅक ऐकताना मागे पडलेला. सॉफ्टवेअर जाण्यायेण्याचा उशीर वजा करून ट्रॅक जागेवर ठेवतं, पण ड्रायव्हरने त्याला चुकीचा आकडा सांगितलेला असू शकतो. तो घरीच तपासता येतो. डायरेक्ट मॉनिटर बंद करा, इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच लाइन इनपुटला जोडा, एका ट्रॅकवर ‘टक्’ असा एक ठोका वाजवा आणि दुसऱ्यावर तो रेकॉर्ड करा. दोन्ही ठोके मोठे करून पाहिले की मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजता येतं. 441 सॅम्पल म्हणजे 10 मिलिसेकंद. आलेला आकडा सॉफ्टवेअरच्या लॅटन्सी (म्हणजे उशीर) दुरुस्तीच्या रकान्यात भरायचा आणि ठोका पुन्हा रेकॉर्ड करून खात्री करायची. बफर किंवा ड्रायव्हर बदलला की हे मोजमाप नव्याने करावं.