कॉइल बदलली आणि इंजिन आवाज करायला लागलं? 'बसेल हळूहळू' हे उत्तर इथं चालत नाही

इंदापूरहून निघायचं आणि निमगाव केतकी, जंक्शन, लासुर्णे, भवानीनगर करत बारामती एमआयडीसी गाठायची, म्हणजे एका बाजूचे सुमारे 50 किलोमीटर. रोज हे अंतर दुचाकीवर कापणाऱ्याची गाडी एका सकाळी सेल्फ घेत नाही. हॉर्न घोगरा, हेडलाइट मंद. गॅरेजवाला मीटर लावून सांगतो, "कॉइल गेली."

कॉइल म्हणजे स्टेटर. नवी टाकली, बॅटरी चार्ज व्हायला लागली, पण आता इंजिनच्या डाव्या बाजूनं 'खर्रर्र' येतंय. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नवीन पार्ट आहे, बसेल हळूहळू."

क्लच प्लेट किंवा ब्रेक शूबद्दल हे ऐकून घेता येईल. ते भाग एकमेकांना घासूनच काम करतात, त्यामुळे बसायला थोडा वेळ घेतात. स्टेटरचं तसं नाही. तो कशालाच टेकत नाही. लोखंडी पत्र्यांच्या थरांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, तो भाग जागेवर स्थिर राहतो आणि त्याच्याभोवती चुंबकं लावलेली वाटी फिरते. गॅरेजच्या भाषेत हीच 'मॅग्नेट'. दोघांमधली फट मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. जिथं काही घासतच नाही तिथं बसायचं काय? आवाज येतोय म्हणजे काहीतरी टेकतंय, सैल आहे किंवा आत अडकलंय.

सगळ्यात साधी चूक कॉइलच्या स्क्रूंची. खाली कचरा राहिला, कॉइल तिरकी बसली किंवा वायर क्लिपमधून सुटली, की मॅग्नेट तिला घासायला लागते. बाजारातली स्वस्त कॉइल मापात किंचित जाड असली तरी तेच होतं.

दुसरं कारण ऐकून हसू येईल, पण गॅरेजमध्ये घडतं. मॅग्नेट काढून जमिनीवर ठेवली की ती आसपासचं लोखंड ओढून घेते. छोटा स्क्रू, वायसर, किसाचे कण. आतली बाजू पुसून न बघता ती तशीच बसवली, तर तो वायसर कॉइलवर आपटत राहतो.

काही गाड्यांमध्ये कॉइल साइड कव्हरला असते, तिथं मॅग्नेट काढावीच लागत नाही. जिथं ती मॅग्नेटच्या मागं असते तिथं पुलर लागतो. पुलर नसला की हातोडी निघते, आणि हातोडीच्या घावानं आत चिकटवलेलं चुंबक तडकू किंवा सुटू शकतं. परत बसवतानाही एक धोका आहे. मॅग्नेट क्रँकवर नेमकी कुठं बसायची हे अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी ठरवते. ती खाचेतून सरकली तर इंजिनचं टायमिंग चुकतं. गाडी किक उलटी मारते, सायलेन्सरमधून फटफटते, इंजिन ठोकल्यासारखा आवाज करतं. नट सैल राहिला तर ही चावी तुटू शकते. बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात वेस्पा, अप्रिलिया जुळवतात. कारखान्यात असा नट किती घट्ट करायचा याचा आकडा ठरलेला असतो. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये बऱ्याचदा तो हाताच्या अंदाजानं आवळला जातो.

सेल्फच्या गाड्यांमध्ये याच कव्हरखाली सेल्फचं गिअर आणि त्याचे पातळ वायसर असतात. कव्हर ओढताना एखादा वायसर तेलासोबत कव्हरला चिकटून येतो आणि पुसताना हरवतो. मग गिअर जागेवर खडखडतं.

आवाज कॉइलच्या कामाचा आहे की आधीपासूनचा, हे ओळखायला थोडं गणित उपयोगी पडतं. गाडी आयडलला मिनिटाला 1400 फेरे घेत असेल तर मॅग्नेट सेकंदाला साधारण 23 वेळा फिरते. व्हॉल्व्हची यंत्रणा त्याच्या निम्म्या वेगानं चालते. म्हणून टॅपेटची 'टिकटिक' जरा सुटी ऐकू येते, तर मॅग्नेटचा आवाज सलग खरखरीसारखा लागतो. टिकटिक असेल तर आधी ऑइल बघा. बऱ्याच गाड्यांत कव्हर उघडताना ऑइल सांडतं आणि ते परत पूर्ण भरलंच जात नाही.

घासतंय असा संशय असेल तर इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका. बंद करून प्लग काढा, न्यूट्रलला किक हातानं हळू दाबा. किक नसेल तर वरचा गिअर टाकून मागचं चाक फिरवा. एका ठरावीक जागी अडल्यासारखं लागलं किंवा खरखर हाताला जाणवली, तर कव्हर परत उघडायला सांगा. जुने मेकॅनिक कॉइलच्या दातांवर मार्करची शाई लावून मॅग्नेट फिरवतात. जिथली शाई खरवडली गेली, तिथं टेकतंय.

'चालवून बघू' यात तोटा असा की घासलेल्या लोखंडाची भुकटी ऑइलमध्ये उतरते. ज्या गाड्यांत ऑइल या भागातही फिरतं, तिथं ती ऑइल पंप आणि बेअरिंगपर्यंत जाते. कॉइलचं अर्ध्या दिवसाचं काम मग इंजिन खोलण्यावर येतं, आणि उसाच्या हंगामात किंवा दूध घालायच्या वेळेला गाडी चार दिवस उभी राहणं म्हणजे काय, हे इंदापूरकरांना वेगळं सांगायला नको.

कव्हर पुन्हा उघडलं तर पॅकिंग नवीन टाकायला सांगा. आणि जुनी कॉइल तांब्याच्या भावात भंगारात जायच्या आधी मागून घ्या. नवीच्या शेजारी ठेवून दोन्हींची जाडी, स्क्रूची भोकं आणि वायर बाहेर येण्याची जागा जुळते का, एवढं उघड्या डोळ्यांनीही दिसतं.