पंचांच्या मौनाविरुद्ध दाद

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत २७ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्क निक्सने डेट्रॉइट पिस्टन्सला त्यांच्याच गावी ९४-९३ असे एका गुणाने हरविले. अगदी अखेरच्या क्षणी डेट्रॉइटच्या टिम हार्डवेने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू फेकला, तेव्हा जॉश हार्ट त्याच्या अंगावर आदळला. शिट्टी वाजली नाही, चेंडू जाळीत गेला नाही आणि वेळ संपली. सामन्यानंतर चित्रफीत पाहून मुख्य पंचांनी फाऊल द्यावयास हवा होता, हे मान्य केले. तसा तो दिला असता तर हार्डवेला तीन फ्री थ्रो मिळाले असते. विजयास दोन पुरेसे होते. मालिका २-२ अशी बरोबरीत येण्याची शक्यता होती, ती ३-१ झाली आणि पुढे निक्सने ती ४-२ अशी जिंकली.

पंचांची नजर चुकली ही तक्रार येथे करावयाची नाही. दहा धिप्पाड माणसे चपळाईने धावत असताना तीन पंचांची नजर अधूनमधून चुकणारच. तक्रार आहे ती नियमांविषयी. डेट्रॉइटच्या प्रशिक्षकाला त्या क्षणी दाद मागण्याचा कोणताही मार्ग नियमांनी ठेवलेला नव्हता.

वस्तुतः प्रशिक्षकांना आव्हानाचा अधिकार आहे. २०१९-२० च्या हंगामात एनबीएने तो प्रयोगादाखल दिला आणि पुढे कायम केला. आव्हान देणाऱ्या संघापाशी टाइमआऊट शिल्लक असावा लागतो. आव्हान फसले तर तो गमवावा लागतो. २०२३-२४ पासून पहिले आव्हान यशस्वी ठरल्यास दुसरेही मिळते. तथापि हे सारे वाजलेल्या शिट्टीपुरते आहे. आपल्या खेळाडूवर दिलेला फाऊल, चेंडू कोणाच्या हातून रेषेबाहेर गेला याचा निर्णय, अशा गोष्टींना आव्हान देता येते. न वाजलेल्या शिट्टीला देता येत नाही. २०२४-२५ पासून दार थोडे किलकिले झाले. चेंडू बाहेर गेल्याच्या निर्णयाला आव्हान दिले गेले आणि लगतच सुटून गेलेला फाऊल चित्रफितीत दिसला, तर पंच तो देऊ शकतात. हार्डवेच्या प्रसंगी ही सवलतही उपयोगाची नव्हती.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या व्यवस्थेत एक जुनी ओळखीची खोट दिसते. एका कृतीवर कर बसवावा आणि तिच्या पर्यायाला सूट द्यावी, म्हणजे लोक पर्यायाकडे वळतात. शिट्टी वाजविणाऱ्या पंचाचा निर्णय हजारो प्रेक्षकांसमोर फिरविला जाऊ शकतो. शिट्टी तोंडात धरून उभा राहिलेला पंच त्या रात्रीपुरता सुरक्षित असतो. मग निर्णायक घटकेला तो काय पसंत करील? टोबियास मॉस्कोविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने जॉन वर्थहाइम यांच्यासह २०११ साली लिहिलेल्या पुस्तकात निरनिराळ्या खेळांतील पंचांची हीच प्रवृत्ती आकड्यांनिशी दाखविली आहे. बेसबॉलमध्ये ज्या चेंडूवर डावाचा फैसला व्हावयाचा, तेथे पंचांचा कल फैसला टाळण्याकडे असतो. हा अप्रामाणिकपणा नव्हे. केलेल्या चुकीपेक्षा न केलेल्या कृतीचा दोष कमी वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु नियमांनी त्या स्वभावाला आणखी बक्षीस का द्यावे?

आपल्याकडील क्रिकेटप्रेमींना हा भेद चमत्कारिक वाटेल. क्रिकेटमध्ये अपील झाल्यावाचून पंच कोणाला बाद देत नाहीत. त्यामुळे 'नाबाद' हाही उच्चारलेला निर्णय ठरतो आणि क्षेत्ररक्षक कर्णधार त्याविरुद्ध दाद मागू शकतो. न दिलेल्या नोबॉलचे मात्र तसे नव्हते. २२ एप्रिल २०२२ रोजी वानखेडे मैदानावर दिल्ली आणि राजस्थान यांच्या आयपीएल सामन्यात कमरेवरच्या चेंडूवरून रणकंदन माजले. दिल्लीचे सहायक प्रशिक्षक प्रवीण अमरे थेट मैदानात शिरले आणि त्यांच्यावर दंडासह एका सामन्याची बंदी आली. पुढच्याच वर्षी वाइड आणि नोबॉल यांबाबतही, दिलेल्या व न दिलेल्या दोन्ही निर्णयांवर, खेळाडूंना दाद मागता येऊ लागली.

बास्केटबॉलमधील खरी अडचण निराळी आहे. क्रिकेटचा चेंडू दर वेळी 'मृत' होतो. येथे खेळ वाहता असतो. फाऊल सुटला आणि प्रतिपक्षाने पलीकडे जाऊन गुण केले, तर ते पुसावयाचे काय? शिवाय अंगाला अंग लागणे क्षणोक्षणी घडते. प्रत्येक स्पर्शाला आव्हान मिळू लागले तर सामना न्यायालयीन कामकाजासारखा लांबेल. हा आक्षेप मी गंभीर मानतो, आणि म्हणूनच सरसकट अधिकाराच्या बाजूचा मी नाही. मात्र सत्राची वेळ संपते तेथे हा आक्षेप लटका पडतो. २८ जानेवारी २०२३ रोजी बॉस्टनमध्ये १०५-१०५ अशी बरोबरी असताना लेब्रॉन जेम्सच्या हातावर जेसन टेटमचा फटका बसला, शिट्टी वाजली नाही, सामना जादा वेळेत गेला आणि लेकर्स १२५-१२१ असे हरले. त्या वेळी पॅट्रिक बेव्हर्ली छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन पंचांकडे पुरावा दाखवावयास गेला. पदरात पडला तो टेक्निकल फाऊल! तेथे काय किंवा डेट्रॉइटला काय, खेळ थांबलेलाच होता. चित्रफीत पाहिल्याने कोणता प्रवाह खंडित होणार होता?

यास्तव चेंडू फेकणाऱ्यावर झालेला फाऊल, आणि तोही सत्राची वेळ संपतेवेळी घडलेला, एवढ्यापुरते आव्हान खुले करावे. अमेरिकन फुटबॉलचा अनुभव जमेस धरूनच ही मर्यादा सुचवीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील उपांत्य सामन्यात सुटलेल्या एका निर्णयावरून गदारोळ झाल्यावर तेथील संघटनेने झेल अडविण्याच्या, न दिलेल्या दंडासही आव्हान मान्य केले, आणि एका हंगामातच तो नियम गुंडाळला. कोणत्या स्पर्शाला अडथळा म्हणावयाचे याचा मापदंडच स्थिर राहिला नाही. बास्केटबॉलमध्ये मापदंड निदान वापरात तरी आहे. मार्च २०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतील अखेरच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही बरोबर की चूक, हे लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशी कागदावर लावला जाणारा तो निकष खेळाडू मैदानावर असतानाच लावावा, इतकीच मागणी आहे. किंमत मात्र आजचीच असावी. ज्या प्रशिक्षकाने आपले सारे टाइमआऊट आधीच खर्चून टाकले, त्याला अखेरच्या शिट्टीसाठी उधारी मिळू नये.