नूतन शिक्षकाची निवड

जाहिरात, अर्ज व मुलाखत हे सोपस्कार यथाविधि झाले म्हणजे शिक्षक मिळाला, असे समजणे चुकीचे होय. खाजगी शाळांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने स्थायी जागेसाठी मुळात दोन वर्षांचा परीक्षाकाल ठेविला, तो काय केवळ दोष टिपण्यासाठी? पदवीधरास विषय येतो. परंतु मागल्या बाकावरील मुलास बोलते कसे करावे, हे त्यास कोणी सांगावयाचे? कित्येक ठिकाणी सर्वांत दांडगा वर्ग नवख्याच्याच गळ्यात घालतात, आणि तो डळमळला की निवड चुकली म्हणतात. न्याय विचित्र खरा! त्यापेक्षा मुलाखतीबरोबर एक पाठ प्रत्यक्ष घ्यावयास लावावा. रुजू झाल्यावर पहिल्या सत्रात तास थोडे कमी देऊन त्यास अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसू द्यावे. आणि मुख्याध्यापकांनी त्याचे पाठ पाहून उणिवा सांगाव्या त्या एकांतात, विद्यार्थ्यांदेखत नव्हे.