घर पाहावे हिशेब करून!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांपैकी लग्न मी दोनदा पाहिले. एकदा स्वतःचे, एकदा चिरंजीवांचे. दोन्ही सुखरूप पार पडली. घराच्या बाबतीत मात्र या वर्षी आमच्या कुटुंबाची अशी काही परीक्षा झाली, की त्या म्हणीत मी माझ्यापुरता एक शब्द बदलून घेतला आहे. घर बांधण्याचे दिवस आपल्यासारख्यांचे केव्हाच संपले. आता घर पाहायचे ते हिशेब करून!

वाचकहो, आम्ही मूळचे पुण्याच्या नारायण पेठेतले. नदीच्या अंगाच्या एका वाड्यात वडिलांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. भाडे अठरा रुपये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या पुरात वाड्याची पुढची भिंत आणि आमचा संसार दोन्ही गेले. मी तेव्हा चार वर्षांचा. भिजलेल्या गाद्यांचा वास तेवढा आठवतो. पुढे सदाशिव पेठेत पुन्हा दोन खोल्या मिळाल्या आणि वडिलांनी तिथेच उरलेले आयुष्य काढले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडे वाढत नसे, म्हणून भाडेकरू हलत नसे. आणि भाडे वाढत नसे म्हणूनच मालक एक कौलही बदलत नसे. पावसाळ्यात आई घरात सात ठिकाणी भांडी मांडून ठेवी. स्वस्त भाड्याची किंमत आम्ही अशी ठिबकत ठिबकत भरली.

१९८८ साली कोथरूडला एक लाख नव्वद हजारांत आम्ही 'ओनरशिप'चा फ्लॅट घेतला. पतपेढीचे कर्ज होते. पगार हातात पडायच्या आधी हप्ता कापला जाई आणि उरलेला महिना आमच्या सौभाग्यवती संध्याकाळच्या शिकवण्यांवर ओढून नेत. त्या शिकवण्यांची गोष्ट पुढे येणार आहे, ती लक्षात ठेवा.

नमुन्याचे घर

आता पाळी चिरंजीवांची. लग्नाला सहा वर्षे झाली, एक नात झाली, आणि तोवर त्यांनी चार घरे बदलली. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, पोलिसांत भाडेकरूची नोंद, दलालाचे एक महिन्याचे भाडे. आणि बारावा महिना उजाडला की पुन्हा खोकी बांधायची. नात शेजारच्या मुलीशी नुकतीच गट्टी करते, तोच टेम्पो दारात उभा! शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता पुरे. स्वतःचंच बघू."

एका रविवारी आम्ही पाचहीजण एका नव्या इमारतीचा नमुना फ्लॅट पाहायला गेलो. काय तो थाट! गारवा, गुलाबी दिवे, कॉफी. विक्रीवाला मुलगा इतका गोड बोलत होता, की आपल्या घरी याचे स्थळ यावे असे वाटले असते. मी तर मनात देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवली. सौभाग्यवती मात्र पलंगाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, जरा आडवे व्हा बघू." झालो. पाय वीतभर बाहेर! पलंग मुद्दाम आखूड केलेला, आणि खोल्यांना दारेच नाहीत. खोली मोठी दिसते ती अशी.

'रेरा' कायद्याने निदान एक बरे केले आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्याचे प्राधिकरण काम करू लागले. जागा चटई क्षेत्रावर, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या जागेवर विकायची. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने पदरमोड करून दुरुस्त करायचा. प्रकल्पाची नोंदणी आणि कबूल केलेली ताब्याची तारीख घरबसल्या पाहता येते. कॉफी पिण्याआधी ती पाहावी.

पंच्याण्णवचे एकशे सात

दरपत्रकावर किंमत होती ९५ लाख. त्या रात्री सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर वही उघडली. त्या एका औषध कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जी.एस.टी., म्हणजे ४ लाख ७५ हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. नोंदणी ३० हजार. बेरीज झाली १ कोटी ६ लाख ७० हजार. आणि गाडीची जागा, सोसायटीची अनामत, पडदे, पंखे अजून बाहेरच!

पुढचा धक्का कर्जाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत. आणि अशा घरांच्या बाबतीत मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो आपल्या खिशातून. बँकेने ७१ लाख दिले, तरी रोख सुमारे साडेपस्तीस लाख हवे होते. मुलांची शिल्लक सतरा लाख. राहिले साडेअठरा.

माझ्या निवृत्तीच्या ठेवी आहेत बावीस लाखांच्या. कोणी काही बोलले नाही. पण टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने ती वजाबाकी मनात केली, हे मला दिसले. मी घसा साफ करून "त्याचं काय, शेवटी सगळं तुमचंच—" असे म्हणू लागलो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "सगळं त्यांचंच आहे, पण आपण गेल्यावर. आज आपलं औषधपाणी आपलंच आहे." टेबलावर शांतता पसरली. मला राग आला, आणि खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही वाटले.

जुने ते सोने, पण कागद पाहून

मग जुन्या घरांचा शोध सुरू झाला. वापरते घर घेतले की जी.एस.टी. नाही. हवा, पाणी, शेजार डोळ्यांनी दिसतो. पाणी किती वाजता येते ते खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतात. आमच्यापासून दोन बसथांब्यांवर एका पंचवीस वर्षांच्या सोसायटीत दोन शयनगृहांची जागा ७० लाखांना मिळाली. लिफ्ट कुरकुरणारी, पण पलंग मावणारा!

जुन्या घराचे मात्र कागद पारखून घ्यावे लागतात. आम्ही वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतला. महापालिकेचा भोगवट्याचा दाखला, मालकाचा भागदाखला, सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र, आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन, हे सारे पाहिले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की नाही, हे विचारले. बिल्डर हस्तांतरण करून देत नसेल, तर 'मानीव अभिहस्तांतरण' करून घेण्याची सोय कायद्यात २००८ पासून आहे. ते झालेले नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीची गाडी तिथेच अडते. सोसायटीने हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून किती मागितले, तेही पाहावे. त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे. 'इमारत निधीला देणगी' म्हणून वर काही मागत असतील, तर नम्रपणे नियम दाखवावा.

कर्जही आम्ही ताणून न घेता ५० लाखांचेच काढले. वीस वर्षे, साडेआठ टक्के धरले, तर हप्ता येतो सुमारे ४३ हजार ४०० रुपये, आणि वीस वर्षांत व्याज भरले जाते ५४ लाख! मुद्दलापेक्षा व्याज मोठे. अर्धा टक्का कमी व्याजाची बँक शोधली, तर पावणेचार लाखांच्या आसपास वाचतात. मग चार बँकांच्या पायऱ्या झिजवायला काय हरकत आहे? दुसरी युक्ती त्याहून सोपी. दिवाळीच्या बोनसातून दर वर्षी एक हप्ता जादा भरायचा. मग हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते आणि सुमारे दहा लाखांचे व्याज वाचते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना लावता येत नाही. २०१२ पासूनचा नियम आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचे उदाहरण सांगतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. याचा हप्ता तोच राहिला, म्हणून तो निर्धास्त! बँकेने मुदत गुपचूप लांबवली होती, ती त्याच्या साठीच्याही पलीकडे गेली. पुढे २०२५ मध्ये रेपो दर उतरत उतरत सव्वापाचवर आला, पण याचे कर्ज जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेले; उतार त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. थोडे शुल्क भरून त्याने कर्ज रेपोला जोडून घेतले. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा मागवून उरलेले महिने मोजावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

नाव कोणाचे?

एवढे सगळे सुरळीत झाले, आणि मग खरी अडचण उभी राहिली. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ७० लाखांवर ७० हजार! पण पुरुषाचे नाव जोडीला घातले की सूट गेली. सूनबाईंनी हे वहीत लिहून दाखवले आणि वही मिटून घेतली. पुढे काही म्हणाल्या नाहीत.

मीच म्हणालो, "दोघांची नावं असावीत. व्याजावर प्राप्तिकराची सवलत मालकालाच मिळते." त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती जुन्या करपद्धतीत. आम्ही दोघं नव्या पद्धतीत आहोत. तिथे राहत्या घराच्या व्याजाला सवलत नाही." माझा युक्तिवाद संपला, नाराजी संपली नाही. सतरा लाखांत अर्धे चिरंजीवांचे, वर साडेसात लाख मी देणार, आणि दारावर नाव एकट्या सूनबाईंचे? हे मी मोठ्याने बोललो नाही, पण माझ्या घरात माझे मन वाचणारे माणूस आहे.

सौभाग्यवती उठल्या, कपाटातून १९८८ चे खरेदीखत काढून माझ्यापुढे ठेवले. "वाचा," म्हणाल्या. खरेदीदार म्हणून एकच नाव होते. माझे. "अकरा वर्षं संध्याकाळी सात-सात मुलं शिकवली. त्या पैशावर घर चाललं, म्हणून तुमचा हप्ता गेला. या घरात माझ्या नावावर काय आहे, सांगा. गॅसचं कार्ड!" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते.

मी रात्री बराच वेळ जागा होतो. सकाळी चहाच्या वेळी सूनबाईंना म्हटले, "तुमच्या एकटीच्या नावावर होऊ दे." सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सत्तर हजारांसाठी तुमच्या मनात काही राहणार असेल, तर नको." मी म्हणालो, "सत्तर हजारांसाठी नाही."

उरलेली शिदोरी

घर आमचे झाले. आता थोडी किरकोळ, पण कामाची शिदोरी.

पुण्यात मालक स्वतः राहत असेल, तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत आहे. ही १९७० सालापासूनची. मध्यंतरी बंद पडली, २०२३ मध्ये परत मिळाली. आमच्या मुलांच्या घरात आधी भाडेकरू होता, म्हणून बिलात ती नव्हती. सोसायटीचे पत्र आणि तिथे राहत असल्याचा पुरावा जोडून 'पीटी-३' अर्ज भरला. आपले बिल एकदा उघडून पाहा. सवलत आपोआप येईल म्हणून बसू नका. कर पहिल्या मुदतीत भरला, तर सर्वसाधारण करात आणखी सूट मिळते. मुंबईकरांना तर, घर ५०० चौरस फुटांपर्यंत असेल तर, जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करच माफ आहे. आमचे दादरचे मेहुणे ही गोष्ट दर भेटीत ऐकवतात.

फ्लॅट भाड्याने दिला, तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. सोसायटीच्या गच्चीवर सौर वीज बसवायची तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या योजनेत सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतात आणि देखभालीचा बोजा प्रत्येक घराचा हलका होतो.

शेवटची गोष्ट. राहते घर किंवा त्यातला हिस्सा पतीने पत्नीला बक्षीस दिला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. वर स्थानिक अधिभार आणि वकिलाची फी काय ती. हे मला सूनबाईंच्या खरेदीच्या दिवशी, दुय्यम निबंधकांच्या कचेरीतल्या बाकावर, एका वकिलाकडून कळले. पुढच्याच महिन्यात मी आणि सौभाग्यवती पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलो. या वेळी अर्धा हिस्सा त्यांच्या नावावर करायला.

कारकुनाने त्यांना छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवले, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितले. त्यांनी पदर सारखा केला. फोटो निघाला, शिक्के पडले, आणि बाहेर येताना त्या म्हणाल्या, "अहो, आता देखभालीचं अर्धं बिल माझं ना?"

मी म्हटले, "अगं, ते तू कधीचंच भरलं आहेस."