बंड्याचा सातबारा

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. दारात रांगोळी झाली होती, फराळाची ताटं झाकून ठेवली होती, सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पोरांनी हजाराची माळ लावली. फाटक नेमकं उघडं राहिलेलं. पिवळं काहीतरी सुसाट बाहेर गेलेलं दिसलं आणि हातातली पणती तशीच खाली ठेवून मी ओरडले, ‘‘अहो, बंड्या गेला!’’

ही २०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. आमचा म्हणजे खरं तर धाकट्या दिरांचा. ते पुण्यात असताना त्यांनी तो पिल्लू असताना आणला. पुढे २०२३ मध्ये दोघांनाही जर्मनीत नोकरी लागली. बंड्यालाही न्यायचं ठरलं होतं, पण तिथला नियम असा, की आधी कुत्र्याला मायक्रोचिप बसवायची आणि मग रेबीजची लस टोचायची. आधीची लस धरत नाहीत. बंड्याचं नेमकं उलटं झालेलं. म्हणजे पुन्हा लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. नोकरीची तारीख काही चार महिने थांबणार नव्हती. शेवटी जाऊबाई डोळे पुसत कराडला आल्या, बंड्याला आणि त्याच्या कागदांच्या फाइलला माझ्या स्वाधीन केलं आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, चिप आहे त्याला. हरवला तरी सापडेल.’’

मी फाइल कपाटात ठेवली. चूक तिथेच झाली.

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत गल्ल्या पालथ्या घातल्या. कृष्णेचा घाट बघून झाला, स्टॅंड बघून झालं. दुसऱ्या दिवशी पाडव्याचं ओवाळणं कसंबसं उरकलं. सासूबाईंच्या पलंगाखाली तो झोपायचा. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री दाराची कडी लावू देईनात. ‘‘आला तर कुठं उभं राहील ते?’’ म्हणाल्या. मी सगळ्यांना सांगत होते, चिप आहे हो त्याला, कळेलच. मला वाटायचं, चिप म्हणजे मोबाइलसारखं काहीतरी असणार. कुठेतरी कुणाला तरी दिसत असेल, की बंड्या अमुक ठिकाणी आहे.

अकराव्या दिवशी दूधवाले काका म्हणाले, ‘‘वहिनी, उंब्रजच्या अलीकडं त्या ढाब्यावर मी दूध घालतो. तिथं म्हणं एक पिवळं कुत्रं आलं होतं. साताऱ्याचे एक मास्तर घेऊन गेले. फोन लिहून ठेवलाय त्यांनी.’’ ह्यांनी तिथूनच गाडी काढली. कराडपासून उंब्रज पंधरा-सोळा किलोमीटर. हायवेच्या कडेकडेने बंड्या तिथवर कसा पोचला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मास्तर आणि त्यांच्या बायकोने त्याला लेकरासारखं सांभाळलं होतं. पण त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझी मान खाली गेली. चौथ्याच दिवशी ते त्याला चिप वाचायचं यंत्र असलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. यंत्र मानेवर धरल्याबरोबर नंबर आला. नंबर शोधला तर नोंदही सापडली. नाव आमच्या भावजींचं, पत्ता पुण्यातल्या भाड्याच्या घराचा आणि फोन त्यांच्या जुन्या सिमकार्डाचा. ते कार्ड त्यांनी जाताना बंद केलं होतं. मास्तरांनी तीन दिवस रोज फोन लावला. रोज तेच उत्तर, की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

म्हणजे चौथ्या दिवशी जे काम व्हायचं, ते अकराव्या दिवशी झालं, आणि तेसुद्धा चिपमुळे नाही, दूधवाल्या काकांमुळे. घरी आल्यावर हे म्हणाले, ‘‘जमीन आपण कसतोय आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच. फेरफार करायचा राहिला की गं!’’

मैत्रिणींनो, त्यानंतर मी या चिपच्या पाठीच लागले. डॉक्टरांना विचारलं, भावजींना विचारलं, मिळेल ते वाचलं. जे कळलं, ते तुम्हाला सांगते. हल्ली आपल्या छोट्या गावांतही लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, पर्शियन मांजरं घरोघर दिसायला लागली आहेत, आणि ‘चिप आहे’ एवढ्यावर माझ्यासारख्या बऱ्याच जणी निर्धास्त असतील.

चिप असते तांदळाच्या दाण्याएवढी. काचेची बारीकशी नळी, साधारण बारा मिलिमीटर लांब. जाड सुईने ती दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. इंजेक्शनएवढंच दुखतं. आत बॅटरी नसते, त्यामुळे ती संपायचा प्रश्न नाही. वाचायचं यंत्र अगदी जवळ, वीतभर अंतरावर आणलं की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि फक्त एक नंबर सांगते. आंतरराष्ट्रीय मानकाची चिप असेल तर हा नंबर पंधरा आकडी असतो. बस्स, एवढंच. कुत्रं कुठे आहे, हे ती सांगत नाही. तुमचं नाव तिच्यात नसतं, फोनही नसतो. ते सगळं असतं दुसरीकडे, नोंदवहीत. इंग्रजीत तिला रजिस्ट्री म्हणतात. चिप बसवणारे डॉक्टर वेगळे आणि वही ठेवणारे वेगळे. डॉक्टरांनी चिप बसवली म्हणजे वहीत नाव आपोआप चढलं, असं नसतं.

दूधवाल्या काकांना मी हे सांगितलं तर ते हसले. ‘‘आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला हाय की. बारा आकडी नंबर. म्हैस विकली की त्या नंबरावरचं नाव बदलून घ्यावं लागतं.’’ खरंच की! गाईम्हशींच्या त्या बिल्ल्यामागे सरकारची एक वही आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही करता येत नाही. पण कुत्र्यामांजरांच्या चिपसाठी सगळा देश एकच वही वापरतो, असं अजून आपल्याकडे नाही. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या परवान्याबरोबर चिपही सक्तीची केली. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्री विकण्याचा धंदा करणाऱ्यांनीही चिप बसवायची असते. जातिवंत कुत्र्यांची नोंद केनेल क्लब ऑफ इंडियाकडे असते, पण मालक बदलला की ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नाहीतर कुत्रं तुमच्या अंगणात आणि कागदावर मालक मात्र विकणारा.

ही काही एकट्या बंड्याची गोष्ट नाही. अमेरिकेत हरवलेल्या जनावरांना ठेवून घेणाऱ्या ५३ केंद्रांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेली होती. चिप असलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण ५२ टक्के निघालं. मांजरांचा फरक तर बघा. एरवी शंभरात दोनही परत जात नव्हती, चिप असलेली मात्र अडतीस गेली. म्हणजे चिपचा उपयोग आहेच. पण चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांची कारणं काय? सगळ्यात मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर, शंभरात पस्तीस वेळा. सतराच्या आसपास जणांची नोंद भलत्याच वहीत होती आणि जवळजवळ दहा जणांनी कुठेच नोंद केली नव्हती.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून घरातल्या मांजरांनाही चिप सक्तीची आहे. तिथला कायदा नुसती चिप बसवून थांबत नाही. वहीतला पत्ता-फोन ताजा ठेवणं हेही मालकाचंच काम. ते न करणाऱ्याला पाचशे पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग वही निवडायची कशी? डॉक्टरांना आणि वहीवाल्यांना चार गोष्टी सरळ विचाराव्यात. पहिली, ही वही कुणाची आणि ती किती वर्षं चालू आहे? हे विचारायला संकोच वाटून घेऊ नका. अमेरिकेत ‘सेव्ह धिस लाइफ’ नावाची चिपकंपनी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. चिप जनावरांच्या अंगात होत्या तशाच राहिल्या, पण त्यामागची वही गेली. लोकांना दुसऱ्या ठिकाणी नव्याने नोंद करावी लागली. दुसरी, कुठल्याही गावच्या डॉक्टरला हा नंबर टाकून शोध घेता येतो का? तसं करताना तुमचा घरचा पत्ता अनोळखी माणसाला उघड दिसता कामा नये, हेही बघा. तिसरी, पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी? दरवर्षीचे असतील आणि चुकून राहिले, तर नाव काढून टाकतात का? आणि चौथी, फोन किंवा मालक बदलला तर काय करायचं? आमच्या वेळी भावजींनी जर्मनीतून संमतीची ईमेल पाठवली, तेव्हा कुठे बंड्या माझ्या नावावर झाला. आधीचा मालक सापडत असतो, तेव्हाच हे उरकून घ्यावं.

फोन नंबर दोन द्या. एक तुमचा आणि दुसरा माहेरचा किंवा शेजारणीचा, पण सहसा न बदलणारा. चिपचा नंबर लसीच्या कार्डावर लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी लस टोचायला जाल, तेव्हा डॉक्टरांना यंत्र लावून नंबर नीट वाचला जातो का, तेही बघायला सांगा. आणि मुला-मुलींपैकी कुणी परदेशी जाणार असेल आणि जनावरही न्यायचं असेल, तर आधी चिप, मग लस, हा क्रम पक्का लक्षात ठेवा.

शेवटचं म्हणजे, चिप आहे म्हणून गळ्यातला पट्टा काढू नका. आपल्याकडे वाचायचं यंत्र प्रत्येक गावच्या डॉक्टरकडे असेलच असं नाही. ढाब्यावरच्या त्या माणसाकडे कुठलं यंत्र? बंड्याच्या गळ्यात त्या दिवशी पट्टा असता, आणि पट्ट्यावर माझा फोन असता, तर त्याने त्याच रात्री मला फोन केला असता. पण दिवाळीची आंघोळ घालताना मी तो काढला होता आणि परत घालायचा राहिला होता.

आता मी एक दिवस ठरवून टाकलाय. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. दिवाळी सुरू होते त्याच दिवशी, फटाके वाजायच्या आधी. २०२५ ची वसुबारस झाली त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी गाईला नैवेद्य दिला. घरी येऊन मी कपाटातली फाइल काढली, वहीत बंड्याचा नंबर टाकला, माझं नाव आणि दोन्ही फोन बरोबर आहेत ना ते बघितलं, आणि फाटकाला नवीन कडी लावून घेतली.

सासूबाई पलंगावरून विचारत होत्या, ‘‘घातलंस का गं नाव त्याचं नीट?’’

‘‘घातलं आई,’’ मी म्हटलं. पलंगाखालून शेपटीचा आवाज आला, धप् धप्.