फ्लॅट घेताय? आधी कागद तपासा

थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. मग आयुष्याची हलाल कमाई बिल्डरच्या शब्दावर का द्यावी? ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळविले गेले. अशा 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. बांधकाम परवानगी खुद्द महापालिकेत पडताळावी, सातबारा वकिलास दाखवावा. 2016 च्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदविल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो त्यानेच विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. पण इमारतच पाडली गेल्यावर कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा, बयाणा देण्यापूर्वी महापालिकेची पायरी चढलेली बरी.