स्वस्त लॅपटॉपचा कारभारी

परीक्षा आटोपल्यावर एक पालक भेटावयास आले. "गुरुजी, मुलीसाठी जुना लॅपटॉप घेतो आहे. त्यात विंडोज नसेल तर पैसे पाण्यात जातील का?" भाताच्या विक्रीतून बाजूला काढलेले पैसे होते ते, एका शब्दात उत्तर देण्याचे धाडस मला झाले नाही.

संचालन-प्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणत्या कामास किती स्मृती द्यावी, फाइल कोठे ठेवावी, कळ दाबताच पडद्यावर कोणते अक्षर उमटावे, हे तीच ठरविते. परंतु कारभाऱ्याचाच खर्च घराला पेलवेना, तर घरच्यांनी जेवावे काय?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील लहानशा मराठी शाळेत २००७ साली मुलांच्या हाती 'एक्स-ओ' नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. निकोलस निग्रोपाँटी यांच्या योजनेतील हे यंत्र शंभर डॉलरांत देण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात किंमत दुपटीच्या घरात गेली. स्मृती अवघी २५६ मेगाबाइट, साठवण १ गिगाबाइट. एवढ्याशा संसारात त्यांनी लिनक्स बसविले व त्यावर मुलांसाठी 'शुगर' नावाची सोपी मांडणी रचली. पुढे २००८ साली त्याच यंत्रावर विंडोज एक्सपी चालविण्याचे ठरले, तेव्हा मूळची साठवण अपुरी पडून निराळे कार्ड जोडावे लागले. यंत्र तेच, कारभारी बदलताच घर अपुरे पडले!

आज आकडे वाढले, प्रश्न तोच आहे. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि सुरक्षेची विशिष्ट सोय लागते. शिवाय 'किमान' म्हणजे सुखाने नव्हे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुन्या यंत्रावर लुबुंटूसारखे हलके लिनक्स बरे, असे माझे मत आहे. ते विनामूल्य मिळते. मात्र टॅली शिकणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा सल्ला मी देणार नाही. तो कार्यक्रम विंडोजसाठीच रचलेला आहे.

भाषेचाही विचार हवा. परसवाड्यात हिंदीचा वावर अधिक, म्हणून दुकानदार हिंदीची सोय करून देतो आणि काम झाले म्हणतो. आपण 'कारभाऱ्याचा' हा शब्द लिहून पाहावा. त्यातील 'ऱ्या' नीट उमटला तर मराठीची सोय झाली असे समजावे. इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी दोन्ही प्रणालींत असते. माझी मातृभाषा कोंकणी. तिच्यासाठी मला वेगळी मांडणी शिकावी लागली नाही.

त्या पालकांना मी लुबुंटू भरलेला पेन ड्राइव्ह दिला. मूळ प्रणालीला धक्का न लावता यंत्र त्यावरून सुरू करता येते. वाय-फाय, ध्वनी आणि कळफलक दुकानातच तपासा, मगच पैसे मोजा, असे बजावले. पहिल्या लॅपटॉपवर वाय-फाय लागेना. त्यांनी तो परत ठेवला आणि दुसरा मागितला.